गर्दीच्या शेअर्ड सर्व्हरसाठी वेब सर्व्हर कसा निवडायचा आणि कसा ट्यून करायचा

पुण्यात वेबसाइटचं काम करणारी छोटी ऑफिसं गल्लोगल्ली आहेत. कोथरूड, सदाशिव पेठ, कर्वेनगर, हडपसर, कुठेही बघा. दोन-चार माणसं आणि भाड्याने घेतलेला एक व्हीपीएस (मोठ्या मशीनचा एक आभासी हिस्सा). त्यावर तीस-चाळीस क्लायंटच्या साइट एकत्र असतात: क्लासेस, दवाखाने, दिवाळी अंक काढणारे प्रकाशक, हाउसिंग सोसायट्या, गणेश मंडळं, शाडूच्या मूर्तींचं बुकिंग घेणारे कारागीर. एरवी सगळं सुरळीत चालतं. मग बारावीच्या निकालाच्या दुपारी क्लासच्या साइटवर किंवा गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मूर्तीवाल्यांच्या साइटवर एकदम गर्दी होते. ती साइट बसते आणि तिच्यासोबत बाकीच्याही बसतात. ज्यांच्या साइटवर त्या दिवशी दहा माणसंही आली नव्हती, त्यांचेही फोन येतात.

असा सर्व्हर नुकताच तुमच्या हातात आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या कामात येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, सगळ्यात फास्ट वेब सर्व्हर कोणता? शेअर्ड सर्व्हरवर हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा: एका साइटचं डोकं फिरलं तर बाकीच्या वाचतात का? सॉफ्टवेअरची निवड आणि प्रत्येक सेटिंग याच प्रश्नावर तपासून घ्या.

मी उबुंटू २४.०४, त्यासोबत येणारं पीएचपी ८.३ आणि बहुतेक साइट वर्डप्रेसच्या आहेत असं धरून लिहितोय. सेटिंगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत, फाईलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सर्व्हरचा एसएसएच अॅक्सेस, सुडो अधिकारासह. नुसतं कंट्रोल पॅनल पुरत नाही.
- होस्टिंग कंपनीच्या पॅनलचं लॉगिन. एसएसएच अडकलं तर तिथला कन्सोलच कामाला येतो.
- सगळ्या साइटची यादी: डोमेन, फोल्डर, डेटाबेस, पीएचपीची आवृत्ती आणि ज्याला फोन करायचा त्या माणसाचं नाव.
- ताजा बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर. एक साइट त्यातून प्रत्यक्ष उभी करून बघा, नाहीतर बॅकअप आहे असं समजू नका.
- एचटॉप, स्मेम, आयओटॉप ही टूल्स. फुकट आहेत, एका कमांडमध्ये बसतात.
- केलेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह लिहायला वही किंवा साधी टेक्स्ट फाईल.

१. आधी मोजा, मग हात लावा

सर्व्हर स्लो आहे म्हणजे नक्की काय कमी पडतंय, हे आधी कळायला हवं. चारच शक्यता असतात: प्रोसेसर, रॅम, डिस्क किंवा कोणाची तरी वाट बघणं. चौथी शक्यता नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही आणि शेअर्ड सर्व्हरवर ती सगळ्यात जास्त भेटते.

'टॉप' ही कमांड चालवा. लोड अॅव्हरेज तुमच्या कोअरच्या संख्येशी ताडून बघा. चार कोअरवर चारचा लोड म्हणजे भरलेला सर्व्हर, आठ कोअरवर तोच लोड म्हणजे निवांत. मग प्रोसेसरच्या ओळीत 'डब्ल्यूए' आणि 'एसटी' हे दोन आकडे शोधा. पहिला जास्त असेल तर डिस्क दमली आहे. दुसरा सतत जास्त असेल तर तुमचा व्हीपीएस ज्या मोठ्या मशीनवर आहे तिथले शेजारी तुमचा वाटा खातायत. त्यावर तुमच्याकडे उपाय नाही, होस्टिंग कंपनीलाच सांगावं लागेल.

रॅमसाठी 'फ्री' कमांड चालवा आणि 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा. 'फ्री'चा रकाना बघून घाबरू नका, लिनक्स मोकळी रॅम फाईल कॅशसाठी वापरतो आणि लागली की सोडतो. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. ते शब्द सापडले तर रॅम संपल्यावर कर्नलने एखादी प्रोसेस मारली आहे. बहुतेक वेळा तो नंबर मारियाडीबीचा (साइटचा डेटा सांभाळणारा डेटाबेस) लागतो, कारण रॅमचा सगळ्यात मोठा घास तिचाच असतो. मग सगळ्या साइटवर 'डेटाबेस कनेक्शन'चा एरर दिसतो आणि लोक डेटाबेस दुरुस्त करत बसतात, दोष मात्र पीएचपीच्या प्रोसेसचा असतो.

नव्याने सर्व्हर घ्यायचा असेल तर जागा जवळची घ्या. मायक्रोसॉफ्ट अझूरचा 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यातच आहे आणि अॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून सुरू आहे. वाचक महाराष्ट्रातले असतील तर अमेरिकेतला स्वस्त सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला जाण्यायेण्यात जो वेळ खातो, तो कुठल्याही ट्यूनिंगने परत मिळत नाही.

२. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न: एचटीअॅक्सेस कोण लिहितं?

अपाची १९९५ पासून आहे, एनजिनएक्स २००४ पासून. लाइटस्पीड हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं मोफत भावंड ओपनलाइटस्पीड. चारही चांगली आहेत, चारही गर्दी झेलू शकतात. फरक पडतो तो एचटीअॅक्सेसमुळे, म्हणजे साइटच्या फोल्डरमधल्या नियमांच्या फाईलमुळे.

क्लायंट स्वतः प्लगइन टाकतात, त्यांचा दुसरा डेव्हलपर एफटीपीवरून फाईली बदलतो, रीडायरेक्ट लावतो. हे सगळं त्या एका छोट्या फाईलमध्ये जातं. अपाची ती वाचतो. एनजिनएक्स ती अजिबात वाचत नाही, प्रत्येक नियम तुम्हाला स्वतः कॉन्फिगमध्ये लिहून रीलोड करावा लागतो. यात नुसती गैरसोय नाही, धोकाही आहे: एखाद्या प्लगइनने आपलं बॅकअप फोल्डर एचटीअॅक्सेसने बंद केलेलं असेल, तर एनजिनएक्सवर ते फोल्डर जगाला उघडं राहतं. लाइटस्पीडची विकतची आवृत्ती ही फाईल वाचते. ओपनलाइटस्पीड त्यातले फक्त रीराइटचे नियम घेतो आणि बदल झाल्यावर त्याला रीस्टार्ट द्यावा लागतो.

यावरून माझा सल्ला असा.

साइट अनेकांच्या, हात अनेकांचे: अपाची २.४, इव्हेंट एमपीएम (कनेक्शन हलक्या थ्रेडवर हाताळायची अपाचीची पद्धत) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस वेब सर्व्हरबाहेर चालवणारी सेवा). नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. 'अपाची जड आहे' हे तुम्ही खूप ऐकाल. ती ख्याती जुन्या प्रीफोर्क पद्धतीची आहे, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

साइट सगळ्या तुमच्या ऑफिसने बनवलेल्या, क्लायंटला फक्त लेखांचं लॉगिन: सरळ एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम. कॉन्फिग एकाच जागी राहतं, रॅम कमी लागते.

सीपॅनलसारखं पॅनल आधीच आहे आणि साइट वर्डप्रेसच्या आहेत: लाइटस्पीडच्या लायसन्सचा खर्च परवडत असेल तर त्याचा वर्डप्रेस कॅश प्लगइन फार चांगला आहे. खर्च दरमहाचा आहे, तो क्लायंटच्या बिलात आधीच धरा.

फोटोंचा मारा असलेल्या साइट: पुढे एनजिनएक्स, मागे अपाची. चित्रं, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट एनजिनएक्स देतो, बाकीचं मागे पाठवतो. या जोडीत एक सापळा आहे. मागच्या अपाचीला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून आल्यासारखा दिसतो. लॉग निरुपयोगी होतात आणि अपाचीचे लॉग वाचून आयपी बंद करणारं एखादं टूल नेमका तुमचाच एनजिनएक्स बंद करायला धावतं. अपाचीचं रिमोटआयपी मॉड्यूल पहिल्याच दिवशी चालू करा आणि त्यात फक्त आपल्या एनजिनएक्सचाच पत्ता विश्वासू म्हणून द्या.

३. प्रीफोर्क आणि मॉड-पीएचपी बंद करा

प्रीफोर्कमध्ये प्रत्येक कनेक्शनला अपाचीची एक पूर्ण प्रोसेस लागते आणि मॉड-पीएचपी असेल तर तिच्या पोटात आख्खं पीएचपी असतं. एखादा लोगो पाठवायलाही तीच जड प्रोसेस. वर सगळ्या साइटचं पीएचपी एकाच युजरच्या नावाने चालतं, म्हणजे एका साइटला कीड लागली की तिला शेजारच्या साइटच्या फाईली वाचता येतात. शिवाय प्रीफोर्कवर एचटीटीपी-२ चालत नाही.

बदलाचा क्रम: आधी पीएचपी-एफपीएम बसवा. मग पीएचपी मॉड्यूल बंद, प्रीफोर्क बंद, इव्हेंट चालू, प्रॉक्सी-एफसीजीआय चालू, एफपीएमचं कॉन्फिग चालू. शेवटी कॉन्फिगटेस्ट. 'सिंटॅक्स ओके' आलं तरच रीस्टार्ट. रात्री उशिरा करा, क्लायंटना आधी कळवून.

इथे हमखास अडकायला होतं ते असं: जुन्या एचटीअॅक्सेसमध्ये 'पीएचपी-व्हॅल्यू' किंवा 'पीएचपी-फ्लॅग'ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. मॉड-पीएचपी गेलं की अपाचीला त्या समजत नाहीत आणि पूर्ण साइट ५०० एरर देते. बदल करायच्या आधीच सगळ्या फोल्डरमध्ये ग्रेपने या ओळी शोधून काढा आणि त्या साइटच्या 'युजर आयएनआय' फाईलमध्ये हलवा. ती फाईल पीएचपी दर पाच मिनिटांनीच नव्याने वाचतं, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तर आणखी खटपट करू नका, थांबा.

४. प्रत्येक साइटला वेगळा पूल

पूर्ण लेखातून एकच पायरी करणार असाल तर ही करा. सोसायटीत जसं प्रत्येक फ्लॅटला वेगळं वीज मीटर असतं, तसा प्रत्येक साइटला तिचा लिनक्स युजर आणि तिचा एफपीएम पूल, म्हणजे तिच्यापुरता पीएचपी प्रोसेसचा गट. पूलच्या फाईलमध्ये युजरचं नाव, सॉकेटचा (वेब सर्व्हर ज्यातून पूलशी बोलतो ती वाट) पत्ता आणि प्रोसेसची मर्यादा येते. त्या साइटने कितीही मागणी केली तरी तिला तेवढ्याच प्रोसेस मिळतात.

प्रोसेस चालवण्याच्या तीन पद्धती आहेत: स्टॅटिक, डायनॅमिक आणि ऑनडिमांड. चाळीस साइटच्या सर्व्हरवर बहुतेकांना ऑनडिमांड द्या. कोणी आलं तरच प्रोसेस जन्माला येते आणि दहा सेकंद रिकामी राहिली की मरते. डायनॅमिकमध्ये प्रत्येक पूल दोन-तीन प्रोसेस उगाच जिवंत ठेवतो. चाळीस साइटच्या मिळून शंभर रिकाम्या प्रोसेस रॅम अडवून बसतात. सतत वाचक असलेल्या दोन-चार साइटनाच डायनॅमिक द्या.

आता हिशोब. समजा ८ जीबी रॅम आहे. लिनक्स आणि किरकोळ सेवांना १ जीबी. मारियाडीबीला २ जीबी. अपाची, ओपीकॅश (त्याबद्दल सहाव्या पायरीत) आणि रेडिस (मेमरीतला कॅश) मिळून पाऊण जीबी. अचानक गरजेसाठी १ जीबी मोकळी. उरले सव्वातीन जीबी, म्हणजे साधारण ३३०० एमबी. आता एक पीएचपी प्रोसेस सरासरी किती खाते ते स्मेमने बघा, त्यातला 'पीएसएस'चा रकाना. पीएसच्या यादीतला 'आरएसएस' आकडा घेऊ नका, त्यात सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. समजा सरासरी ७० एमबी आली. ३३०० भागिले ७० म्हणजे ४७. एकाच वेळी ४५ प्रोसेस, हा तुमच्या सर्व्हरचा खरा आकडा.

प्रत्येक साइटला 'मॅक्स चिल्ड्रन' ५ दिलं तर चाळीस साइटचे दोनशे होतात, ४५ च्या कितीतरी पुढे. सगळ्या साइट एकाच क्षणी भरत नाहीत, त्यामुळे बेरीज थोडी जास्त चालते, पण निव्वळ नशिबावर सोडू नका. एफपीएमच्या मुख्य फाईलमध्ये 'प्रोसेस डॉट मॅक्स' नावाचं सेटिंग आहे, ते सगळ्या पूलना मिळून मर्यादा घालतं. तिथे ४५ लिहा. सोसायटीच्या किंवा दवाखान्याच्या साइटला ३ पुरतात. क्लासला ८. सीझनमध्ये मूर्तीवाल्यांना १५ आणि विसर्जन झालं की परत ४.

लॉगमध्ये 'रीच्ड मॅक्स चिल्ड्रन, कन्सिडर रेझिंग इट' असा इशारा येतो. वाचणाऱ्याला वाटतं आकडा वाढवायचा. थांबा. आधी त्या प्रोसेस करतायत काय ते बघा.

हे जवळून बघण्यासारखं आहे. एका क्लासच्या साइटवर चौकशीचा फॉर्म होता. फॉर्म भरला की पीएचपी एका एसएमएस गेटवेला कॉल करायचं. प्रवेशाच्या दिवसांत तो गेटवे उत्तरच देईना. आठच्या आठ प्रोसेस त्याची वाट बघत उभ्या, साइट बंद आणि टॉपमध्ये प्रोसेसर जवळपास रिकामा. पीएचपीची ३० सेकंदांची 'मॅक्स एक्झिक्युशन टाइम' मर्यादा होती, पण लिनक्सवर ती फक्त स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामाचा वेळ मोजते. नेटवर्कची किंवा डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ तिच्या हिशोबातच येत नाही. पूलच्या फाईलमध्ये स्लोलॉग (रेंगाळलेल्या रिक्वेस्टची नोंद) चालू करून मर्यादा ५ सेकंद दिल्यावर लॉगमध्ये ओळीमागून ओळ तीच आली: कर्ल-एक्झेक (बाहेरच्या सर्व्हरला कॉल करणारं पीएचपीचं फंक्शन), फॉर्मच्या फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर. डेव्हलपरने कर्लला ४ सेकंदांचा टाइमआउट दिला, एसएमएस क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय) टाकला आणि प्रश्न मिटला. प्रोसेस आठवरून तीस केल्या असत्या तर तीस जणी वाट बघत उभ्या राहिल्या असत्या, बस.

म्हणून प्रत्येक पूलमध्ये स्लोलॉग आणि 'रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट' हे दोन्ही द्या. दुसरं घड्याळाच्या वेळेवर चालतं, वाट बघणाऱ्या प्रोसेसलाही मारतं. ६० सेकंद बहुतेकांना पुरतात. मोठे इम्पोर्ट करणाऱ्या साइटला तेवढ्यापुरते वाढवून द्या. 'मॅक्स रिक्वेस्ट्स' ५०० ठेवा, म्हणजे रॅम गळणारे प्लगइन फार फुगणार नाहीत.

पूल वेगळे केले म्हणून साइट पूर्ण वेगळ्या झाल्या असं मात्र नाही. पूल भरला की पुढच्या रिक्वेस्ट त्याच्या सॉकेटच्या रांगेत थांबतात. ही रांग मूळ सेटिंगमध्ये खूप लांब असते. रांगेतली प्रत्येक रिक्वेस्ट अपाचीचा एक थ्रेड अडवते आणि उबुंटूच्या इव्हेंट कॉन्फिगमध्ये एकूण थ्रेड असतात १५०. एका साइटच्या रांगेने हे दीडशे भरले की पीएचपी मोकळं असलेल्या साइटही उघडत नाहीत. उपाय दोन, दोन्ही करा. पूलमध्ये 'लिसन बॅकलॉग' कमी करा, २० ते ३०. मग रांग भरल्यावर त्या साइटच्या पाहुण्याला लगेच ५०३ मिळतो आणि शेजाऱ्यांना धक्का लागत नाही. आणि अपाचीचं 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' ४०० करा. इव्हेंटमध्ये थ्रेड हलके असतात, रॅमला ते झेपतं. त्याच्यापुढे जायचं असेल तर 'सर्व्हरलिमिट'ही वाढवावं लागतं आणि ते बदलल्यावर रीलोड पुरत नाही, पूर्ण बंद करून चालू करावं लागतं.

एक सूचना जपून ठेवा. एका पूलच्या फाईलमध्ये चूक झाली, समजा युजरचं नाव चुकलं, तर एफपीएम सुरूच होत नाही आणि चाळीसही साइट बंद पडतात. रीस्टार्टच्या आधी एफपीएमची टेस्ट कमांड चालवा, दर वेळी. 'प्रोसेस कंट्रोल टाइमआउट' १० सेकंद द्या, नाहीतर रीलोड करताना चालू असलेल्या रिक्वेस्ट मधेच तुटतात. कोणाचं पेमेंट त्या क्षणी चालू असेल, सांगता येत नाही.

५. अपाचीची बाकीची सेटिंग

'कीपअलाइव्ह' चालू ठेवा, टाइमआउट २ ते ५ सेकंद. 'अलाऊओव्हरराइड' फक्त साइटच्या फोल्डरपुरतं द्या. मुळापासून दिलं तर प्रत्येक रिक्वेस्टला अपाची वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये एचटीअॅक्सेस शोधत बसतो.

साइट शंभराच्या पुढे गेल्या की आणखी एक गोष्ट आडवी येते: उघड्या फाईलींची मर्यादा. प्रत्येक साइटला एक अॅक्सेस लॉग आणि एक एरर लॉग दिलात तर चारशे साइटचे आठशे फाईल हँडल नुसत्या लॉगलाच लागतात. कनेक्शन वेगळी. मर्यादा १०२४ असेल तर 'टू मेनी ओपन फाइल्स' येणारच. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरच्या सेवा चालवणारी यंत्रणा) अपाचीच्या सेवेसाठी 'लिमिटनोफाइल' वाढवा.

एनजिनएक्स पुढे असेल तर त्याची अपलोड मर्यादा मुळात १ एमबी असते. क्लायंट फोटो चढवतो आणि ४१३ एरर येतो. ती वाढवली की पीएचपीची २ एमबीची अपलोड मर्यादा आणि ८ एमबीची पोस्ट मर्यादा आडवी येते. तिन्ही एकदम बदला.

६. ओपीकॅश, पेज कॅश आणि डेटाबेस

ओपीकॅश पीएचपीच्या फाईली वाचून तयार रूपात मेमरीत ठेवतो. मूळ सेटिंग १२८ एमबी आणि १०,००० फाईलींचं असतं. प्लगइनसह एका वर्डप्रेसच्या फाईली काही हजारांत जातात आणि एका एफपीएमखालचे सगळे पूल हा एकच कॅश वापरतात. चाळीस साइटना तो पुरणं शक्यच नाही. मेमरी ३८४ किंवा ५१२ एमबी करा, फाईलींची संख्या एक लाखाच्या आसपास न्या आणि वरच्या हिशोबातल्या पाऊण जीबीत ती मेमरी बसते ना, ते बघा. कॅश सामायिक असल्यामुळे 'व्हॅलिडेट परमिशन'ही चालू करा.

पण खरा फायदा पेज कॅशचा. मंडळाच्या साइटवर दहा हजार माणसं तेच आरतीचं वेळापत्रक बघत असतील तर ते पान दहा हजार वेळा बनवायची काय गरज? तयार पान फाईल म्हणून द्या, पीएचपीला उठवूच नका. चाळीस साइटवर चाळीस वेगवेगळे कॅश प्लगइन नकोत, एकच निवडा, सगळीकडे तोच, म्हणजे अडचण आली तर कुठे बघायचं ते कळेल. कार्ट, चेकआउट आणि लॉगिन केलेल्या माणसाची पानं कॅशमधून वगळली आहेत ना, हे स्वतः दोन वेगळ्या फोनवरून तपासा. एकाची ऑर्डर दुसऱ्याला दिसणं याहून वाईट काही नाही.

मारियाडीबीत 'इनोडीबी बफर पूल' मूळचा १२८ एमबी असतो, तो दीड जीबी करा. 'मॅक्स कनेक्शन्स' मूळचं १५१ असतं. आपल्या पीएचपी प्रोसेस ४५ च्या वर जाणारच नाहीत, तेव्हा १०० भरपूर झालं. स्लो क्वेरी लॉग चालू करा आणि आठवड्यातून एकदा वाचा.

७. बॉट आवरा

अॅक्सेस लॉगमधून सगळ्यात जास्त मागवलेले वीस पत्ते (यूआरएल) काढा. पहिल्या पाचात 'डब्ल्यूपी-लॉगिन' आणि 'एक्सएमएल-आरपीसी' दिसले तर नवल नाही. हे पासवर्ड फोडायला येणारे बॉट असतात आणि त्यांची प्रत्येक धडक एक पीएचपी प्रोसेस अडवते. एक्सएमएल-आरपीसी वेब सर्व्हरमध्येच बंद करा, प्लगइनमध्ये नको. प्लगइनपर्यंत पोचेपर्यंत पीएचपी सुरू झालेलं असतं, नुकसान होऊन गेलेलं असतं. जेटपॅक प्लगइन वापरणाऱ्या साइटना मात्र ती फाईल लागते, त्या वगळा. लॉगिनसाठी फेलटूबॅन (लॉग वाचून त्रास देणारे आयपी बंद करणारं टूल) लावा.

वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन पाहुण्यांच्या येण्यावर चालतं, गर्दीत ते भार वाढवतं. कॉन्फिग फाईलमध्ये ते बंद करून लिनक्सच्या क्रॉनवर दर दहा मिनिटांनी चालवा. सगळ्या साइटना एकच मिनिट देऊ नका. पहिलीला ०, दुसरीला १, तिसरीला २ असं पसरवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी चाळीस प्रोसेस एकदम उठतील.

८. लॉग किती दिवस ठेवायचे

उबुंटूत अपाचीचे लॉग रोज फिरतात आणि १४ दिवस राहतात. पण सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या सिस्टमचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. लॉगरोटेटमधला आकडा १८० करा, कॉम्प्रेशन चालू ठेवा आणि डिस्कवर तेवढी जागा आहे का ते बघा. डिस्क शंभर टक्के भरली की मारियाडीबी लिहायची थांबते, म्हणून ८० टक्क्यांना ईमेल येईल अशी सोय करा. त्याच निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, तेव्हा कोणाला काय कळवायचं ते आधीच लिहून ठेवा.

९. एरर वाचायला शिका

एनजिनएक्समध्ये ५०२ म्हणजे मागे कोणी उत्तर द्यायला नाही: एफपीएम बंद आहे, सॉकेटचा पत्ता चुकला आहे किंवा प्रोसेस मधेच मेली. एनजिनएक्स थेट एफपीएमशी बोलत असेल तर रांग भरल्यावरही ५०२ च येतो. अपाचीत रांग भरली, एफपीएम बंद असलं किंवा सॉकेटचा पत्ता चुकला, तर ५०३ येतो. ५०४ म्हणजे मागे कोणीतरी आहे पण वेळेत उत्तर येत नाही, इथे स्लोलॉग उघडायचा. ५०० म्हणजे बहुतेक वेळा त्या साइटचं स्वतःचं पीएचपी किंवा एचटीअॅक्सेस. आकडा बघितल्याशिवाय सर्व्हर रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने ओपीकॅश रिकामा होतो, सगळ्या साइट एकदम थंड पडतात आणि गर्दीत तोच भार जास्त होतो. आधी त्या साइटचा एरर लॉग, मग एफपीएमचा, मग कर्नलचा.

१०. सीझनच्या आधी चाचणी

चाचणी दुसऱ्या मशीनवरून करा. सर्व्हरवरूनच केलीत तर चाचणीचं टूल आणि साइट एकाच प्रोसेसरसाठी भांडतात आणि आकडे खोटे येतात. अपाची बेंच किंवा डब्ल्यूआरके, दोन्ही चालतात. मुख्य पानासोबत कॅशमध्ये न बसणारी पानंही मारा: शोध, कार्ट, फॉर्म. एकाच वेळी १०, मग २५, मग ५० कनेक्शन. आणि हे चालू असताना दुसरीच एखादी साइट मोबाइलवर उघडून बघा. ती पटकन उघडली तर चौथी पायरी नीट झाली आहे. ही चाचणी फक्त स्वतःच्या सर्व्हरवर, रात्री, होस्टिंग कंपनीचे नियम वाचून.

एका वेळी एकच सेटिंग बदला, मोजा, वहीत लिहा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नका. जे करायचं ते श्रावण लागायच्या आत.

११. एखादी साइट वेगळी कधी काढायची

महिनाभराचे आकडे बघा. एकच साइट सतत निम्म्याहून जास्त प्रोसेस वापरत असेल, तिथे ऑनलाइन पेमेंट असेल किंवा तिचा मालक पंधरा मिनिटंही बंद सहन करू शकत नसेल, तर तिला स्वतःचा छोटा व्हीपीएस द्या. क्लायंटशी बोलताना आकडे घेऊन बसा: तिच्या प्रोसेस किती, रॅम किती, मागच्या सीझनला काय झालं, नव्या सर्व्हरचा खर्च किती. हलवायचं ठरलं की डोमेनचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, नव्या जागी साइट चालवून बघा, मगच डीएनएस बदला आणि जुनी साइट निदान आठवडाभर उतरवू नका. दुकान असेल तर बदलाच्या वेळी जुन्या साइटवर ऑर्डर घेणं बंद ठेवा, नाहीतर अर्ध्या ऑर्डर एका डेटाबेसमध्ये आणि अर्ध्या दुसऱ्यात जातील.